नलूताई, तुमची वीस मिनिटं

नलूताई, परवा तुमच्या शोकसभेतून मी मधेच उठून गेले. सगळ्यांनी बघितलं. बघू दे.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये तुमचा फोटो ठेवला होता. ओळखपत्रावरचाच मोठा करून आणला होता, त्यामुळे फोटोत तुम्ही फोटो काढणाऱ्यावर चिडलेल्या दिसत होतात. त्या हॉलमध्ये तेवढंच खरं होतं. व्यवस्थापक उठले आणि म्हणाले, पाठक मॅडम म्हणजे अत्यंत शांत व्यक्तिमत्त्व, उभ्या नोकरीत कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. मग ऑफिसातली एक मुलगी म्हणाली की मॅडम अशा वावरायच्या, की त्या थिएटरमध्ये आहेत हे कुणाला कळायचंसुद्धा नाही. माझ्या शेजारी आपल्या थिएटरमधल्या शकीलाआपा बसल्या होत्या. त्यांनी ओढणी तोंडावर घेतली होती. मला वाटलं, रडतायत. मग हळूच आवाज आला, "कौन शांत था बोलके? मेरे कू तो रोज झाडते थे."

मला हसू फुटलं आणि लगेच रडूही फुटलं, आणि दोन्ही एकदम दाबता येईना म्हणून मी उठले.

शांत म्हणे. हात धुऊन, गाऊन घालून आलेल्या सर्जनने चाकू मागायला पुढे केलेल्या हाताकडे बघत "अजून नाही" म्हणणारी बाई शांत? भूल देणाऱ्या डॉक्टरांना "तुमचं झालं असेल, माझं व्हायचंय" असं सांगणारी? मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, हे मला मान्य आहे. पण तुमचं चांगलं तेच होतं, ते पुसून हे लोक दुसरंच काहीतरी चिकटवत होते. आणि ते का, हेही मला माहीत आहे. शांत माणसाची पद्धत मोडणं सोपं जातं.

आपण काय काम करतो ते बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही, ही तुमची कायमची तक्रार. तुमच्या भावालासुद्धा तुम्ही "मशीनवर असते" एवढंच सांगून ठेवलं होतं. दहाव्याला त्यांनी मला विचारलं, "नलू नेमकं करायची काय?" मी त्यांना तुमच्याच शब्दांत सांगितलं. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन चालू असताना माणूस झोपलेला असतो. पाय बधिर होतोय, दुखतोय, हे तो सांगू शकत नाही. त्याच्या वतीने ते आपण सांगतो. घोट्याशी आणि मनगटाशी बारीकसा करंट द्यायचा, तो नसेतून, मणक्यातून वर जातो, आणि डोक्यावर लावलेल्या तारांनी तो पकडायचा. पडद्यावर लहर उमटते. लहर बसली, म्हणजे खाली पडली, की सर्जनने हात थांबवायचा.

"आणि त्यात अवघड काय?" भावाने विचारलं.

अवघड कातडी. हे सगळं कातडीवर चिकटवलेल्या तारांवर चालतं, आणि कातडी खोटं बोलते. तिच्यावर तेल असतं, घाम असतो, मलम असतं, वर मेलेल्या कातडीचा पापुद्रा असतो. त्याच्यावर तार चिकटवली की पडद्यावर दिसतं ते धड नसेचं नसतं. म्हणून आधी कातडी तयार करायची. केस असतील तर काढायचे, स्पिरिटने पुसायचं, मग ती वाळूसारखी कचकच लागणारी जेल बोळ्यावर घेऊन घासायचं, ती पुसून काढायची, मग पेस्ट, मग तार, मग टेप. कातडी किती अडवतेय त्याचा आकडा मशीन दाखवतं. पाचच्या आत आला पाहिजे. नाही आला तर काढा, परत घासा. सगळं मिळून वीस मिनिटं. एकवीस झाली तरी तुम्ही अठरा झाली असं कधी सांगितलं नाही.

मी नवीन होते तेव्हा मला हे सगळं नखरे वाटायचे. दौलताबादच्या पायथ्याशी आमचं शेत, घरात कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी, मला मशीन शिकायचं होतं, लहरी वाचायच्या होत्या. आणि तुम्ही मला दीड महिना नुसत्या टाचा आणि घोटे घासायला लावले. मी एकदा तोंड वाकडं केलं, तर म्हणालात, "सविते, आमचे आजोबा भटजी. देव चिंचेनं घासून लख्ख झाल्याशिवाय गंध लावायचे नाहीत. काळ्या देवावर गंध लावलं तर कुणाला दिसणार?" मी म्हणाले, पेशंट म्हणजे देव नव्हे. तुम्ही म्हणालात, "म्हणून तर. देव तक्रार करत नाही."

घासणं म्हणजे जोर, अशी माझी समजूत होती. ती तुम्ही मोडलीत ती छावणी भागातल्या एका आजींच्या मनगटावर. ऐंशीच्या घरातल्या आजी, कातडी वहीच्या कागदाएवढी पातळ, आणि मी आपली बोळा घेऊन सुरू. तुम्ही माझा हात धरलात आणि माझ्या बोटाखाली तुमचं बोट ठेवलंत. किती हलका दाब, ते तुम्ही सांगितलं नाहीत, बोटाने दाखवलंत. "लाल झालं तर चालतं. ओलं झालं तर आपण हरलो." मग त्याच दिवशी दुपारी एका ट्रकवाल्याचा घोटा आला, तिथे तुम्ही स्वतः एवढा वेळ घासलंत की शकीलाआपा म्हणाल्या, मॅडम, आता साबण लावून आंघोळच घाला. तुम्ही त्यांना झाडलंत. रोजच्यासारखंच.

आता ती गोष्ट, जी मी शोकसभेत सांगणार होते आणि सांगितली नाही.

सोळा वर्षांची मुलगी होती, पाठ वाकडी झालेली. तुम्ही भाचीच्या लग्नाला नांदेडला गेला होतात, म्हणून केस माझ्याकडे. आईने पहाटे मुलीच्या डोक्याला तेल घातलं होतं, वेणी घातली होती आणि कपाळाला गावच्या देवीचा अंगारा लावला होता. डोक्याचं तेल मी काढलं. पण बाकीच्या सगळ्या तारांची तुलना जिच्याशी होते, ती तार कपाळाच्या मधोमध लावतात, आणि तिथेच तो अंगारा. आई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "एवढं राहू द्या ताई. देवीचं हाय."

मला पुसवेना. माझ्याही आईने बारावीच्या परीक्षेला असाच अंगारा लावला होता. मी अंगाऱ्याच्या कडेकडेने पुसलं, थोडं वर सरकून तार चिकटवली. आकडा चौदा आला. मी स्वतःलाच म्हटलं, चालतंय.

ऑपरेशन सुरू झालं आणि तासाभरात सगळ्या लहरी एकदम बसल्या. सर्जनसाहेबांनी हात थांबवला. मान वर न करता त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो ते तुम्हाला विचारायचे: "वायर की नस?" म्हणजे तार सुटलीय, की खरंच नस दबतेय. मी गडबडले. लहरी परत आल्या. मी म्हणाले, वायर. अर्ध्या तासाने परत तेच. परत थांबले, परत वायर. तिसऱ्या वेळी ते थांबलेच नाहीत. म्हणाले, "तुझी वायरच असेल." आणि पुढे गेले.

तिसऱ्या वेळीही वायरच निघाली. मुलगी चालत घरी गेली. पण ते तिचं नशीब, त्यात माझं काही नाही. लांडगा आला रे आला करून मी त्या पोरीला एकटी सोडली होती, आणि हे त्या थिएटरमध्ये फक्त मला कळत होतं.

तुम्ही परत आल्यावर मी स्वतःहून सांगितलं. वाटलं, आता माझी कातडी सोलणार. तुम्ही उलट मला कॅन्टीनमध्ये नेलंत, चहा मागवलात, चहात जिलबी बुडवून खाल्लीत, आणि मग म्हणालात, "तू पुसायलाच नको होतंस." मी चकित. "तो आईनं लावला ना? मग आईलाच पुसायला सांगायचं."

तेव्हापासून आपल्या थिएटरमध्ये जी रीत पडली, ती जगात कुठल्या पुस्तकात नसेल. ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डात जायचं. अंगारा असेल, कुंकू असेल, दर्ग्यातली राख असेल, जे असेल ते घरच्या माणसाच्या हाताने गॉजवर पुसून घ्यायचं. तो गॉज कागदात बांधून पुडी करायची आणि त्यांच्याच मुठीत द्यायची. आणि तुमचं ते वाक्य: "देव बाहेर तुमच्यापाशी बसेल. आत आम्ही आहोत." मी किती बायकांना ती पुडी मुठीत आवळून थिएटरबाहेरच्या बाकावर बसलेलं बघितलंय. ऑपरेशन झालं की तीच पुडी उघडून परत कपाळाला लावतात. एकीनेही कधी नाही म्हटलं नाही. मला वाटायचं, ही बाई देवाधर्माचं काही मानत नाही, मग हे हिला सुचलं कसं. विचारायचं राहिलं.

आणि आता भांडण. ते आपलं अर्धं राहिलंय, आणि मी ते सोडणार नाही.

डोक्याला तारा चिकटवण्याऐवजी बारीक सुया टोचाव्यात, असं मी दोन वर्षं म्हणतेय. माणूस झोपलेला असतो, त्याला दुखत नाही, स्पिरिटने पुसलं की झालं, तेल आणि केस यांच्याशी झटापट नको. घोट्यावर आणि मनगटावर तुमचं घासणं राहू दे, पण डोक्यावरची दहा मिनिटं वाचतील. तुम्ही ऐकायलाच तयार नव्हता. "सुई टोचायला येते म्हणून हात विसरायचा?" प्रत्येक वेळी हेच. त्या मंगळवारी माझाही तोल गेला. लिस्ट लांबली होती, खाली माझी मुलगी शाळेतून येऊन बसली होती, आणि मी बोलून गेले, "ताई, हे शास्त्र नाही, हे तुमचं भटजीचं सोवळं आहे."

तुम्ही हातातला बोळा ट्रेमध्ये ठेवलात. ओरडला नाहीत. तुमचं न ओरडणं मी पहिल्यांदाच बघितलं.

"आमचे आजोबा सोवळ्यात असले की कुणाला शिवायचे नाहीत," तुम्ही म्हणालात. "अंगणात उभ्या माणसाची सावली पडली तरी परत अंघोळ. मी त्यांची नात. मी तीस वर्षं दिवसभर लोकांच्या टाचा घासते. ज्या जातीचा येईल, त्याच्या. याला तू सोवळं म्हणतेस?"

माफी मागायला हवी होती, ते तेव्हाच कळत होतं. पण मनात म्हटलं, उद्या. बुधवारी तुमची सुट्टी होती. आणि गुरुवारी सकाळी सव्वाआठला तुम्ही कपडे बदलायच्या खोलीत खाली बसलात, छाती धरून.

तर ऐका. सोवळं हा शब्द मी मागे घेते. तोंडावर घ्यायला हवा होता, इथे घेतेय. शंभरदा घेते. पण सुयांचं मागे घेत नाही. तुम्ही गेलात म्हणून तुमचं सगळं खरं, असं मी म्हणणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं. असं गळ्यात हार घालून जिंकू दिलेलं तुम्हाला कधी चाललं नसतं.

तुम्हाला जाऊन आठवडा व्हायच्या आत कागद आला. कातडीच्या तयारीला यापुढे सात मिनिटं. तयार चिकटपट्ट्या येतील, काढायच्या आणि लावायच्या. व्यवस्थापकांनी मला बोलावून गोड बोलून सांगितलं, पाठक मॅडमची पद्धत जुनी होती, त्यांच्या वयाकडे बघून कुणी बोललं नाही, आता आपण पुढे जाऊ. जमत नसेल तर बाहेरच्या एजन्सीचा माणूस येतो, दिवसाला दोन केस जास्त करून देतो म्हणतोय. म्हणजे सात मिनिटं नाहीतर मी घरी. माझे मिस्टर म्हणाले, "सविता, तू एकटीच कशाला वाघाच्या तोंडात हात घालतेस? सात तर सात." ते वाळूजला कंपनीत आहेत, शिफ्टमध्ये मिनिटाचा हिशेब काय असतो ते त्यांना माहीत आहे. त्यांचं चुकत नव्हतं. मी दोन रात्री विचार केला. मग शकीलाआपांना विचारलं. त्या म्हणाल्या, "वो होते तो क्या करते, तेरे कू मालूम है. फिर मेरे कू कायकू पूछ रई?"

आज केस होती. वाळूजचाच माणूस, लेथवर अठरा वर्षं, नाव सांगत नाही. कमरेत स्क्रू टाकायचे होते. सकाळी वॉर्डात गेले तर बायकोने कपाळभर अंगारा लावून ठेवलेला. सुई टोचायला स्पिरिटचा एक फटकारा पुरला असता. तरी मी तिच्या हातात गॉज दिला आणि तिलाच पुसायला सांगितलं. पुडी करून मुठीत दिली. तुमचं वाक्य म्हणाले. माझ्या तोंडी ते जरा खोटं वाटलं, पण तिला वाटलं नाही. ती म्हणाली, "व्हय ताई. बसते हितंच. नाय हालत."

आत डोक्याला सुया टोचल्या. हो, टोचल्या. चार मिनिटांत झालं आणि लहर सुंदर आली. राग आला असेल तर येऊ दे.

पण घोटे. अठरा वर्षं मशीनच्या तेलात उभे राहिलेले पाय, ताई. कातडी कमावलेल्या चामड्यासारखी, रेघारेघांत काळं तेल. उजवा पाचात आला. डाव्याचा आकडा अकरा. घासलं, पुसलं, लावलं. अकरा. दहा. घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. थिएटरच्या इनचार्ज सिस्टर माझ्या मागे येऊन उभ्या. सर्जनसाहेब हात धुऊन आले आणि त्यांनी हात पुढे केला.

मी म्हणाले, "अजून नाही."

"सविता, आज नको," ते म्हणाले. "कागद वाचलास ना तू?"

"वाचला, सर. तुम्ही सुरू करा. पण मी रिपोर्टवर लिहीन की डाव्या पायाची पहिली लहर भरवशाची नव्हती, आणि तरी चाकू लावला. सही करून लिहीन."

सर्जनसाहेबांनी हात छातीशी जोडून घेतले आणि मागे झाले. मी परत खाली बसले. पट्टी काढली, परत स्पिरिट, परत जेल. रेघारेघांतून बोळा काळा होऊन येत होता. तुमचं बोट माझ्या बोटाखाली आहे असं वाटलं, असं लिहायला बरं दिसेल, पण तसं काही वाटलं नाही. मला फक्त आकडा दिसत होता. आठ. सहा. चार.

एकवीस मिनिटं. तुमच्यापेक्षा एक जास्तच.

दुसऱ्या तासाला, डाव्या बाजूचा खालचा स्क्रू आत गेला आणि डाव्या पायाची लहर बसायला लागली. मी बघत होते. निम्मी झाली. अजून खाली. मी सांगितलं. सर्जनसाहेब थांबले. मान वर न करता त्यांनी विचारलं, "वायर की नस?"

त्या मुलीच्या केसनंतर हा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नव्हता. तुम्हालाच विचारायचे, मी मशीनवर असले तरी.

"नस," मी म्हणाले.

"नक्की?"

"वायर नाही, सर. नस."

त्यांनी स्क्रू मागे फिरवला. पूर्ण बाहेर काढला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. काहीच होईना. मग हळूहळू, भाकरी फुगावी तशी, लहर वर आली. त्यांनी दुसऱ्या कोनातून स्क्रू घातला. ती तशीच राहिली.

संध्याकाळी वॉर्डात गेले. पेशंटला म्हटलं, डाव्या पायाचा अंगठा हलवा. हलवला. म्हणाला, "काय झालतं का त्याला?" मी म्हणाले, काही नाही. बायकोने कपाळाला परत अंगारा लावला होता, थोडा माझ्याही लावला. आकडा दहावर असताना सुरू केलं असतं, तर त्या वेळी मी काय म्हणाले असते हे मला पक्कं माहीत आहे. म्हणाले असते, वायर असेल, सर. आणि ते पुढे गेले असते.

माझी नोकरी राहते की नाही ते शुक्रवारी कळेल. सर्जनसाहेबांनी वर जाऊन काहीतरी सांगितलंय म्हणे. ते ऐकलं गेलं तर राहील, नाही तर मी दुसऱ्या हॉस्पिटलात वीस मिनिटं मागेन. तिथेही भांडेन. तुम्ही मला भांडण सोडून दुसरं शिकवलंत काय?

जाताना सर्जनसाहेबांनी मला जिन्यात थांबवलं. "एवढ्या खात्रीनं कसं म्हणालीस?" मी म्हणाले, ताईंनी शिकवलं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं त्यांना सांगण्यासारखं नाही. तुम्हाला सांगते.

ते वायरचं वाक्य मी आज दुसऱ्यांदा म्हणाले, ताई. पहिल्यांदा म्हणाले ते अकरा दिवसांपूर्वी, कॅज्युअल्टीत. तुम्ही घामाने निथळत होता आणि ती नवी सिस्टर घामावरच पट्ट्या चिकटवत होती. पट्ट्या सुटत होत्या, पडद्यावर नुसता गोंधळ. मी तिला बाजूला केलं. गॉज घेतला, तुमची छाती पुसली, कोरडी केली, हलक्या हाताने घासली. तुमचे डोळे उघडे होते. तुम्ही माझ्या हाताकडे बघत होता, चेहऱ्याकडे नाही. म्हणालात, "घाई करू नको." मी केली नाही. पट्ट्या बसल्या. तुमच्या हृदयाची रेघ पडद्यावर लख्ख आली, आणि मग सरळ झाली.

ड्यूटीवरचा डॉक्टर कोवळा होता. तो म्हणाला, "लीड सुटली का बघा." सगळे वायरी बघायला वाकले.

"वायर नाही, सर," मी म्हणाले. "वायर नाही."

म्हणून त्यांनी वेळ न घालवता छाती दाबायला घेतली. एक क्षण वाया गेला नाही. चाळीस मिनिटं झटले ते. तुम्ही परत आला नाहीत. नीट पुसलं म्हणजे माणूस वाचतो, असं तुम्हीही कधी म्हणाला नव्हता. मी मात्र मनातून तसंच धरून चालले होते, आणि त्याचा राग माझा अजून गेलेला नाही. कुणावर काढू?

ज्या गॉजने तुमची छाती पुसली, तो नियमाने कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायला हवा होता. सिस्टरने पिशवी पुढेसुद्धा केली. पण आपली रीत अशी, की जे कातडीवरून पुसायचं ते बाहेर बसलेल्या घरच्या माणसाच्या मुठीत द्यायचं. मी दार उघडून बाहेर आले. तुमचा भाऊ तेव्हा नांदेडहून नुकता निघाला होता. बाकावर कुणी नव्हतं.

पुडी करून माझ्याच मुठीत घेतली आणि मी तिथे बसले. ती पुडी माझ्या लॉकरमध्ये आहे, आणि ती मी टाकणार नाही.